तक्ता काढण्याआधी

कोणत्या देशात वायरलेसचे कोणते चॅनल चालतात, याचा तक्ता बाबांनी बावीस वर्षांपूर्वी कर्नलमध्ये, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यात, लिहिला होता. आता हे नियम वेगळ्या फाइलमधून येऊ लागले होते. जुना तक्ता काढून टाकायचं काम नेमकं त्यांच्या लेकीकडेच आलं. कर्नलवर काम करणाऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे आधी मूळ लिहिणाऱ्याची संमती घ्यावी लागे. बाबांचं प्रणालीत उरलेलं हे शेवटचं काम. विचारताना तिची जीभ रेटेना, तरी तिनं विचारलं.

"दोन दिवस दे," बाबा म्हणाले.

दोन्ही दिवस ते चष्मा पुसत आपल्या जुन्या ओळी वाचत बसले. "हे लिहिताना तू माझ्या मांडीवर असायचीस. या चॅनलवरच आकडे शिकलीस. तेरापर्यंत गाडी सुसाट, चौदा आले की रडारड!"

ती हसली, पण तिच्या मनात आलं, बाबांचा जीव अडकलाय यात. आता ते 'नाही'च म्हणणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मेल आली. संमती होती, पण सोबत त्याच तक्त्यातल्या एका ओळीची दुरुस्तीही जोडलेली होती. एका चॅनलच्या शक्तीची मर्यादा बावीस वर्षं चुकीची पडून होती आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "अहो बाबा, उद्या मी अख्खा तक्ताच पुसणार आहे!"

"ठाऊक आहे गं. म्हणून तर आजच केली. उद्या कुठे करणार होतो?"