तीन वर्षांचा करार

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे करार संपत आले होते, म्हणून आबा इंगवले पुढच्या हंगामाचा संघ जुळवत बसले होते. नव्या कराराची मुदत यंत्र ठरवायचं. रक्ताच्या थेंबावरून ते माणूस किती जगणार हे ओळखायचं आणि तेवढीच मुदत द्यायचं. बचावपटू धैर्यशीलला त्यानं दिवाळीपर्यंतची दिली.

धैर्यशील समोर हसत उभा होता. आबांना सांगवेना. त्यांनी यंत्राची मुदत पुसली आणि तीन वर्षं घातली.

करार बघताच धैर्यशील त्यांच्या पाया पडला.

"लई उपकार झाले, आबा! संयोगिताचा बाप अडून बसला होता. म्हणायचा, पत्रिका राहू दे, आधी करार दाखव. आता अक्षय्य तृतीयेलाच बार उडवतो. पहिल्या अक्षता तुमच्या!"