एकोणिसावा

वॉलीला खांदा द्यायला त्याच्या जुन्या संघातले सहा म्हातारे पुढे झाले, तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीने क्लॅरीला बाजूला घेतलं. "तू जवळपासच राहा. कुणाच्या गुडघ्यांनी दगा दिला, तर तू आहेस."

जवळपास राहण्यात क्लॅरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. बावन्न साली मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये अठरा जण खेळत आणि एकोणिसावा ऊब राहावी म्हणून ड्रेसिंग गाऊन गळ्यापर्यंत लपेटून बाकावर बसे. कुणी जायबंदी झालाच, तर त्याचा नंबर. क्लॅरीला फक्त एकदा मैदानात उतरायचं होतं. पण त्या वर्षी सगळा संघ असा धडधाकट, की बघून रडू यावं. अखेर अंतिम सामन्यात वॉलीचा खांदा निखळला. क्लॅरी गाऊन फेकून रेषेपाशी धावला. वॉली दातओठ खात उठला. "बस रे खाली! पाय शाबूत आहेत माझे!"

त्या शौर्यासाठी वॉलीचा पुतळा झाला. क्लॅरीला पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही. सुरू न होताच त्याची कारकीर्द संपली.

आता चर्चच्या पायऱ्यांवर पुढचा म्हातारा अडखळला आणि शवपेटी कलली. चाळीस वर्षांनी क्लॅरीने अंगातला कोट काढून फेकला आणि खांदा पुढे केला.

"सरक बाजूला!" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "वॉली निखळल्या खांद्याने खेळला. मला काय चार पायऱ्या उतरता येणार नाहीत?"

क्लॅरीने कोट उचलला, झटकला, अंगात घातला आणि सवयीने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.