कोरा पेपर

कडूबाईनं पेपर कोराच परत दिला. वर पेन ठेवला, पदर सारखा केला आणि उठायला लागली.

"मावशी, निदान नाव तरी लिहा," विजयमाला म्हणाली.

"न्हाई जमत, बाई. डोस्क्यात काई ऱ्हाईनाच."

विजयमालाचे डोळे भरून आले. गावातला साक्षरता वर्ग ती फुकट चालवायची. सुरुवातीला पालमला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथं एक पुस्तिका मिळाली. प्रौढ माणूस स्वतःच्या गरजेपुरतं शिकतो, म्हणून आधी त्याची गरज ओळखा, असं त्यात होतं. पुस्तिकेत लिहायला काय जातं म्हणा, पण कडूबाईच्या बाबतीत ते अगदी खरं ठरलं होतं.

तिची गरज पहिल्याच दिवशी कळली होती. लेक पप्पू दुसऱ्या गावच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. दोन वर्षांपूर्वी नवरा पंडित त्याला भेटायला कारखान्यावर गेला आणि येताना त्याचा कोयता आणि वाकळ घेऊन आला. पोराला कारखान्यातच नोकरी लागली, आता कोयता कशाला, म्हणाला. तिथं बोलण्याइतकी रेंज नव्हती. पण दर रविवारी मेसेज यायचा आणि चौथी शिकलेला पंडित तो वाचून दाखवायचा.

"माझ्या लेकराचं मला वाचायचंय," कडूबाई म्हणाली होती. "हे दोन वळी वाचून गप बसत्यात. त्यानं आणखी काई लिव्हलं असंल की."

एवढ्या ओढीवर साठीची बाई दोन महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत आली. एसटीची पाटी, तेलाची पुडी, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. विजयमाला भेटेल त्याला तिचं कौतुक सांगायची. कुरकुरायचा तो एकटा पंडित.

"ह्या वयात कशाला शिकायलीस? मी हाय की वाचायला."

आणि संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी ती वर्गात आली ती 'घर' हा शब्दही ओळखेना. नुसती फळ्याकडं बघत बसली. विजयमालानं चित्रं आणली, पुन्हा पहिल्यापासून गिरवून घेतलं. एकदा रागावलीही, मग त्याचं वाईट वाटून तिला चष्मा करून दिला. फरक शून्य. पुस्तिकेत यावरही उत्तर होतं. उतारवयात स्मरणशक्ती साथ देत नाही, शिक्षकानं नाउमेद होऊ नये. विजयमाला व्हायची ती झालीच. आई आणि लेकामध्ये चार अक्षरांचं अंतर होतं आणि तेवढंही आपल्याला तोडता आलं नाही, ही बोच काही जाईना.

परीक्षा रविवारी होती. त्याच दिवशी संध्याकाळी ती कडूबाईच्या घरी गेली. पंडित ओसरीवर मोबाईल घेऊन बसला होता. कडूबाई समोर ज्वारी निवडत होती.

"चुकलं माझं, मावशी. मीच शिकवायला कमी पडले."

"तुमी कशाला वाईट वाटून घेता, ताई?" पंडित मध्येच म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. "न्हाई आलं तर न्हाई. बसा, पप्पूचा मेसेज आलाय."

तो वाचायला लागला. "आई, मी बरा हाय. थंडी कमी झाली. तुझ्या हातचं पिठलं आठवतं. सुट्टी भेटली की दिवाळीला येतो."

कडूबाईनं सूप खाली ठेवलं होतं.

"आणखी एकदा वाचा की."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी पिठल्याच्या जागी धपाटे आले. शेवटची ओळ त्यानं घाईनं उरकली. कडूबाई मान हलवत ऐकत राहिली.

"लय ग्वाड लिव्हतंय लेकरू," ती म्हणाली.

पंडित मोबाईल खाटेवर ठेवून आत पाणी प्यायला गेला. कडूबाईनं हात पदराला पुसले, मोबाईल उचलला आणि चष्मा लावून त्यावरच्या एकुलत्या एका मेसेजवरून हळूहळू बोट फिरवलं. मग तो विजयमालापुढं धरला.

"बाई, ह्याचा रिचार्ज उद्या संपायलाय. तेवढा टाकून द्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "न्हाईतर पुढल्या रविवारी ह्यांनी पप्पूचं म्हणून काय वाचावं?"