झिजलेलं अक्षर

सिनेगॉगमध्ये शनिवारी तोराह हा धर्मग्रंथ वाचताना प्रार्थना चालवणारा हझ्झन अचानक थांबला. चामड्याच्या गुंडाळीवरचं एक हिब्रू अक्षर झिजलं होतं. लांब पायाचं 'वाव' की आखूड पायाचं 'यूद', काही कळेना.

"अशा वेळी लहान मुलाला विचारायचं असतं," तो म्हणाला. "त्याला अर्थ कळत नाही, फक्त अक्षर दिसतं."

"मुलं सगळी इस्रायलला गेली," कुणीतरी म्हणालं. "आता अक्षरांना नवे एकटे हसाजीकाकाच!"

सगळे हसले. सत्तरीनंतर हिब्रू गिरवायला बसलेले काकाही हसले आणि चष्मा पुसत पुढे आले.

शेजारचा शालोम कानाशी कुजबुजला, "काका, वाव म्हणा, इथे तेच हवं. यूद म्हणालात तर तोराह सदोष ठरेल आणि दुरुस्तीला परदेशी जाईल. गावात एवढी एकच. आपल्या हयातीत परत येईल का?"

याच तोराहसमोर काकांनी पोरांची लग्नं लावली होती. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"यूद," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"अहो, काय केलंत हे!" शालोम हळहळला.

"दिसलं तेच सांगितलं, बाबा. तोराहशी खोटं बोलू?"

हझ्झनने गुंडाळी मिटली आणि छापील पुस्तक उघडून काकांच्या हाती दिलं. "आजचं वाचन तुम्हीच करा."