पायातलं

डोंबिवलीच्या फिल्म सोसायटीत टिपणीस सरांचा दरारा होता. भक्तिपटांना ते “पुठ्ठ्याचे चमत्कार” म्हणून झोडपायचे, आणि असा एखादा लागला की ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून शहाडचं थिएटर गाठायचे. आपण हसायला जातो, असं स्वतःला बजावून. आजही दुपारच्या खेळाला ते शेवटच्या रांगेत बसले होते. पडद्यावर शंख वाजला, धूर पसरला. शेजारच्या कोळीणबाई घाईघाईने चपला काढत कुजबुजल्या, “दादा, देवी येतेय. पायातलं काढा.” सरांना हसू आलं. देवीचा त्रिशूळ पुठ्ठ्याचा होता, रंगसुद्धा उडालेला. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात देवीने डोळे उघडले. सगळं थिएटर हात जोडून उभं राहिलं, सरही उठले. तळव्यांना फरशी गार लागली. त्यांनी खाली पाहिलं. नाड्या सोडलेले बूट खुर्चीखाली होते, मोजे नीट आत खोचलेले.