तोंड कडू

“लक्षात आहे ना? कितीही आवडलं तरी तोंड कडू ठेवायचं,” दाराशी येता येता तिनं नवऱ्याला बजावलं.

नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिच्या माहेरी त्याला भोंगाच म्हणत. मागच्या वेळी बघायला गेलेल्या घरात पाऊल टाकताच “वा, काय उजेड आहे!” असं तो ओरडला होता आणि मालकानं तिथल्या तिथे किंमत वाढवली होती.

दार उघडंच होतं. आतून एक काका चष्मा पुसत पुढे आले.

“घर बघायला आलोय,” ती म्हणाली.

“या ना. बघा निवांत.”

घर रिकामं होतं आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावर. तिच्या आईला जिने चढवत नसत. तळमजला मिळाला तरच आई त्यांच्याकडे राहायला येणार होती. स्वयंपाकघराच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर उतरलं होतं. तिला उडी मारावीशी वाटली. तिनं तोंड कडू केलं.

ती प्रयोगशाळेत काम करायची. नुसत्या डोळ्यांवर विसंबायची तिला सवय नव्हती. फरशीचा उतार तपासायला पिशवीतली गोटी काढून तिनं खाली ठेवली. गोटी जागची हलली नाही. नळ सोडला, धार जोरकस. काका कुतूहलानं मागे मागे फिरत होते.

“गोटीची युक्ती झकास आहे हं,” ते म्हणाले.

“बाथरूम कुठेय, काका?”

“हे बघा,” म्हणत त्यांनी एक दार उघडलं, तर ते भिंतीतलं कपाट निघालं. काका ओशाळून हसले.

“स्वतःच्याच घरात हरवले,” भोंगा कुजबुजला. तिनं त्याला चिमटा काढला.

आतल्या खोलीत खिडकीखाली ओलीचा मोठा डाग होता. भोंग्याला आयतीच संधी मिळाली.

“अरे बाप रे! ही ओल तर भिंत खाऊन टाकेल! आम्ही नाही बुवा असल्या भानगडीत पडणार!”

हसू दाबायला तिला ओठ चावावा लागला. काकांचा चेहरा मात्र पडला.

“मलाही तीच धास्ती आहे,” ते म्हणाले. “बायकोचा या घरात जीव अडकलाय. तिच्या गुडघ्यांसाठीच हा सगळा खटाटोप. पण या डागापायी घोडं अडलंय बघा.”

गुडघे. ऑपरेशन असणार, तिनं ताडलं. त्यासाठी राहतं घर विकायचं, आणि गिऱ्हाईकं डाग बघून पळतायत.

ती डागापाशी वाकली. वर निमुळता, खाली पसरलेला. तिनं खिडकीतून डोकावलं. नेमका डागाच्या मागे, बाहेरच्या पाइपचा सांधा सुटला होता आणि पाणी भिंतीवर झिरपत होतं. एवढंच! या डागाच्या नावावर किंमत सहज पाडता आली असती. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तिनं वळून पाहिलं. काका डाग नखानं खरवडत होते, खरवडल्यानं जाईल तर जाईल अशा आशेनं.

“काका,” ती म्हणाली. भोंग्यानं कोपर मारलं, तरी ती थांबली नाही. “ही ओल जमिनीतून नाही आलेली. बाहेर पाइपचा सांधा सुटलाय. प्लंबरचं किरकोळ काम. घर ठणठणीत आहे. खरं सांगू? आम्हाला फार आवडलंय.”

काकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

“पोरी, डोक्यावरचा डोंगर उतरवलास गं!”

मग भोंगाही सुटला. “आणि ती स्वयंपाकघरातली खिडकी! काय खिडकी आहे हो, काका!” तिघंही लहान मुलांसारखी हसत सुटली. तिनं मनातल्या मनात आईचा पलंगसुद्धा मांडून टाकला.

एवढ्यात दारात किल्ल्या वाजल्या. एक बाई धापा टाकत आत आल्या.

“माफ करा हं, घर माझं आणि मीच गायब! पाण्याची मोटर बंद करायला गेले होते.” दोघांकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि त्या काकांकडे वळल्या. “मग काका, बघून झालं? काय ठरलं तुमचं?”

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

“घेतलं,” ते म्हणाले. “त्या डागाचीच काय ती भीती होती.”