बायजीचं औषध

बायजीच्या औषधाने कावीळ उतरते, हे साऱ्या तलासरीला ठाऊक. शहरातून सर्वेक्षणाला आलेले साहेब मोबाइल उघडून तिच्या ओट्यावर बसले.

"आजी, झाडाचं नाव सांगा. ॲपमध्ये टाकलं की जगभर पोचेल."

"औषध वाटून देते, पाहिजे तेवढं ने बाबा. नाव नाही सांगायची. सांगितलं की गुण जातो."

"काय आजी, अजून ही अंधश्रद्धा!" साहेब हसले. "बरं, तुमची नोंदणी तरी करू. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मला सांगा."

फोन वाजला. सुनेने, सुषमाने, मेसेज वाचला आणि ती अडखळली.

"आई, यात लिहिलंय, हा आकडा कोणालाही सांगू नका."

बायजीचा चेहरा खुलला.

"बघा साहेब! तुमच्या आकड्याचाही गुण जातोच ना?"